साधा मायक्रोस्कोप की इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप: नमुना कुठे न्यायचा हे ठरवताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टचा विषय मंजूर झाला की पुष्कळ विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘सर, सेम कुठे करून मिळेल?’ नमुना कसला आहे, त्यात नेमकं काय बघायचंय, हे अजून ठरलेलं नसतं. पण प्रबंधात एसईएमचा, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा (‘सेम’चा), करडा फोटो हवा, एवढं पक्कं असतं. दोन्ही प्रकारच्या मायक्रोस्कोपमधला फरक परीक्षेपुरता सगळ्यांना पाठ असतोच. अडायला होतं ते हातात नमुना असताना. माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक प्रश्नांची उत्तरं कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावरच मिळतात, आणि ज्यांची मिळत नाहीत त्यांचाही रस्ता त्या टेबलावरूनच जातो.

१. आधी मापं लिहा

वहीत दोन आकडे लिहा. बघायची वस्तू साधारण केवढी आहे, आणि तिच्यातला लहानात लहान कोणता तपशील दिसायला हवा. निर्णय दुसऱ्या आकड्यावर होतो.

अंदाजासाठी काही मापं हाताशी ठेवा. माणसाचा केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड. तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रॉन. आतड्यातला ई. कोलाय जिवाणू सुमारे २ मायक्रॉन लांब. क्षयाचा जिवाणू लांबीला २ ते ४ मायक्रॉन, पण रुंदीला जेमतेम ०.२ ते ०.५. त्याखाली मायक्रॉन सोडून नॅनोमीटरमध्ये बोलायचं. एका मायक्रॉनचे हजार नॅनोमीटर. बहुतेक विषाणू २० ते ३०० नॅनोमीटर, रायबोसोम २० ते ३०, पेशीचं पटल ७-८ आणि डीएनएच्या दुहेरी गोफाची रुंदी २ नॅनोमीटर.

या यादीत २०० नॅनोमीटरवर एक आडवी रेघ मारा. दिसायला हवा असलेला तपशील रेघेच्या वर असेल तर प्रकाशाचा मायक्रोस्कोप पुरतो. खाली असेल तर इलेक्ट्रॉनकडे जावं लागतं. २०२० च्या सुरुवातीला केरळमध्ये भारतातला पहिला करोना रुग्ण सापडला. त्याच्या घशातल्या स्रावाच्या नमुन्यातून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, विषाणूचा फोटो मिळवला तो टीईएमवर, म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर. त्यात ठळक दिसलेला कण ७५ नॅनोमीटरचा होता. रेघेच्या इतक्या खालच्या वस्तूचा आकार साध्या मायक्रोस्कोपवर कितीही महागडं भिंग लावलं तरी दिसला नसता.

रेघेजवळच्या वस्तू मात्र फसवतात. १९९२ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमिबात एक गोल ठिपका सापडला. साध्या मायक्रोस्कोपखाली तो दिसतो, जिवाणू ओळखायचा ग्रॅमचा रंगही घेतो, म्हणून त्याला जिवाणू समजलं गेलं. २००३ मध्ये तो मिमिव्हायरस नावाचा राक्षसी विषाणू असल्याचं जाहीर झालं, आणि ती ओळख पटवण्यात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा हात होता. ठिपका दिसणं वेगळं आणि त्याची ठेवण दिसणं वेगळं.

२. ‘किती पट’ हा आकडा बाजूला ठेवा

ऑनलाइन दुकानांत हजार-दोन हजारांत यूएसबी मायक्रोस्कोप मिळतात आणि खोक्यावर १६०० एक्स छापलेलं असतं. तो आकडा बहुधा संगणकाच्या पडद्यावर चित्र ताणून आलेला असतो. विचारायचं ते वर्धन नव्हे, विभेदन क्षमता. म्हणजे शेजारचे दोन ठिपके किती जवळ आणले तरी वेगळे दिसतात.

जर्मनीतल्या येनामध्ये कार्ल झाइसबरोबर काम करणाऱ्या अर्न्स्ट आब्बे यांनी १८७३ साली याचं गणित मांडलं. प्रकाशाच्या तरंगलांबीला ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगाच्या, न्यूमेरिकल अॅपर्चरच्या दुपटीने भागायचं. न्यूमेरिकल अॅपर्चर म्हणजे ऑब्जेक्टिव्ह किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतो त्याचं माप. हा ऑब्जेक्टिव्हच्या अंगावर ‘एक्स’च्या शेजारी कोरलेला आकडा असतो आणि तो कोणी वाचत नाही. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटरचा धरला तर १० एक्स, ०.२५ च्या ऑब्जेक्टिव्हचं विभेदन १.१ मायक्रॉन येतं. ४० एक्स, ०.६५ चं सुमारे ०.४२ मायक्रॉन, आणि तेल लावून वापरायच्या १०० एक्स, १.२५ चं ०.२२ मायक्रॉन. वरची २०० नॅनोमीटरची रेघ इथून आली. जत्रेत तांदळाच्या दाण्यावर नाव लिहून देतात. तेच काम जाड मार्करने करायला घेतलं तर अक्षरं एकमेकांत मिसळून नुसता डाग उरेल. प्रकाशाची लाट म्हणजे तो मार्कर. आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, बदलून चित्र मोठं केलं तर डागच मोठा दिसतो. कामाच्या वर्धनाची वरची मर्यादा न्यूमेरिकल अॅपर्चरच्या साधारण हजारपट धरतात, म्हणजे १.२५ च्या ऑब्जेक्टिव्हला १२५० पट. त्यापुढचं पोकळ.

इलेक्ट्रॉनलाही तरंगलांबी असते आणि जितक्या जास्त व्होल्टेजने त्याला ढकलावं तितकी ती आखूड होते. १०० किलोव्होल्टला ती ०.००३७ नॅनोमीटर, हिरव्या प्रकाशाच्या जवळजवळ दीड लाखाव्या हिश्श्याइतकी. मग विभेदनही दीड लाख पटींनी सुधारायला हवं. तसं होत नाही. इलेक्ट्रॉनला काचेचं भिंग चालत नाही. तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडून तयार केलेलं चुंबकीय क्षेत्र त्याला वळवतं, आणि या चुंबकीय भिंगांचे दोष काचेपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून चांगला टीईएम ०.२ नॅनोमीटरच्या आसपास थांबतो. भिंगांचे दोष सुधारणारी जोडणी असली तर ०.१ च्याही खाली जातो. अणूंच्या रांगा दिसायला तेवढं पुरतं.

बर्लिनमध्ये १९३१ साली अर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी असा पहिला मायक्रोस्कोप चालवला तेव्हा त्याचं वर्धन वीस पटींच्याही आत होतं. शाळेतला मायक्रोस्कोप त्याहून जास्त दाखवत होता. दोनच वर्षांनी रुस्कांनी प्रकाशाची मर्यादा ओलांडली. नोबेल मिळालं १९८६ मध्ये.

३. नमुन्याला तीन प्रश्न विचारा

*जिवंत बघायचाय का?* उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, साधा मायक्रोस्कोप. इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूंवर आपटून विखुरतात, म्हणून त्यांचा सगळा प्रवास निर्वातात होतो. साध्या एसईएमच्या कक्षातला दाबही वातावरणाच्या सुमारे दहा कोटीव्या भागाइतका. त्यात पेशीतलं पाणी टिकत नाही आणि वरून इलेक्ट्रॉनचा मारा. सदाफुलीचे परागकण साखरेच्या द्रावणात ठेवून परागनलिका वाढताना बघायची मजा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप कधीच देणार नाही.

*रंग महत्त्वाचा आहे का?* इलेक्ट्रॉनच्या चित्राला रंग नसतो, नुसत्या करड्या छटा असतात. वर्तमानपत्रात येणारे लाल-हिरवे विषाणू संगणकावर रंगवलेले असतात. मलेरियाचा परजीवी जेएसबी किंवा लिशमनच्या रंगात ओळखायचा, क्षयाचा जिवाणू झील-नील्सनच्या रंगात लाल दिसतो म्हणून शोधायचा. ही कामं साध्या मायक्रोस्कोपचीच.

*वरचं बघायचंय की आतलं?* एसईएम पृष्ठभाग दाखवतो. जास्वंदीचा परागकण घ्या. १० एक्सखाली काटेरी गोळा दिसतो, पण वरचे काटे नीट केले की कडेचे पुसट होतात आणि कडेचे नीट केले की वरचे. एसईएममध्ये सगळे काटे एकाच वेळी लख्ख, कारण त्याची फोकसची खोली खूप जास्त आहे. मात्र परागकणाच्या पोटात काय आहे ते त्यातून कळणार नाही. त्यासाठी काप घेऊन टीईएम करावा लागेल किंवा रंग देऊन पुन्हा साध्या मायक्रोस्कोपकडे यावं लागेल.

४. टेबलावरचा मायक्रोस्कोप आधी पूर्ण वापरा

‘आमच्या मायक्रोस्कोपवर काहीच दिसत नाही’ ही तक्रार ऐकली की मी आधी कंडेन्सर, म्हणजे नमुन्यावर प्रकाश एकवटणारं खालचं भिंग, कुठे आहे ते बघतो. नव्वद टक्के वेळा तो तळाशी घसरलेला असतो, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कंडेन्सर वर, स्टेजच्या जवळ आणा. सुरुवात ४ किंवा १० एक्सने करा, फोकस मिळाला की मगच ४० वर जा, आणि ४० वर गेल्यावर मोठ्या स्क्रूला हात लावू नका, फक्त बारीक स्क्रू फिरवा. कंडेन्सरखालचा पडदा प्रकाश कमी-जास्त करायला नसतो; त्यासाठी दिव्याचं बटण आहे. पडदा फार मिटला तर चित्र उठावदार दिसतं पण बारीक तपशील जातो, पूर्ण उघडला तर सगळं धुवून निघाल्यासारखं दिसतं. आयपीस काढून नळीत डोकावलं तर ऑब्जेक्टिव्हमागे प्रकाशाची गोल चकती दिसते. ती सुमारे तीनचतुर्थांश उजळ राहील इतका पडदा उघडा ठेवा. हे एवढं केलं तरी जुन्या मायक्रोस्कोपमध्ये नवं भिंग बसवल्यासारखा फरक पडतो.

कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटर जाडीची घ्या, कारण बहुतेक ऑब्जेक्टिव्ह त्याच जाडीसाठी बनवलेले असतात. तेल फक्त १०० एक्सला. ४० एक्सला तेल लागलं तर लगेच लेन्स पेपरने पुसा. रुमाल किंवा ओढणी अजिबात नको. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, एकदा आत शिरली की निघणं अवघड. जूनपासूनच मायक्रोस्कोप सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकून ठेवा आणि पुड्या गुलाबी झाल्या की वाळवा.

माप घ्यायला शिका. स्टेज मायक्रोमीटरवर १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉनचा. आयपीसमधली पट्टी प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला त्याच्याशी एकदा जुळवून घ्या आणि आलेले आकडे मायक्रोस्कोपच्या खोक्यावर चिकटवून ठेवा. पुढे एसईएमच्या फोटोत एखादी वस्तू १५ मायक्रॉनची दिसली तर ती तुमचीच आहे की धुळीचा कण आहे, हे या मोजमापावरून ठरेल.

रंग न देता पारदर्शक पेशी बघायच्या असतील तर फेज कॉन्ट्रास्ट शोधा. या तंत्राबद्दल फ्रिट्स झेर्निके यांना १९५३ चं नोबेल मिळालं. पेशीतलं एकच प्रथिन शोधायचं असेल तर फ्लुओरेसन्स, म्हणजे त्याला चमकणारा रंग जोडून बघणं. त्यातल्या अतिसूक्ष्म तंत्रांनी २०० नॅनोमीटरच्या रेघेलाही बगल दिली आणि २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच होतं. म्हणून ‘रेघेखाली गेलात की इलेक्ट्रॉनच’ हा नियम पेशीशास्त्रवाल्यांनी जरा जपून वापरावा.

५. सेम की टेम

प्रयोगशाळेत एसईएमला ‘सेम’ आणि टीईएमला ‘टेम’च म्हणतात. सेममध्ये इलेक्ट्रॉनचा बारीक झोत नमुन्याच्या पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरतो आणि तिथून उसळणारे इलेक्ट्रॉन टिपून चित्र बनतं. टेममध्ये झोत नमुन्याच्या आरपार जातो. साहजिकच सेमला नमुना जाड चालतो; टेमला तो १०० नॅनोमीटरपेक्षा पातळ हवा आणि ३ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, मावायला हवा.

धातूचं तुटलेलं टोक, कापडाचा धागा, कीटकाचा डोळा, माती, सिमेंट, पावडर: सेम. टंगस्टन फिलामेंटचा साधा सेम काही नॅनोमीटरपर्यंत, फील्ड एमिशनवाला एक नॅनोमीटरच्या आसपास दाखवतो. दोन्हींचे दर वेगळे असतात. २ मायक्रॉनचे कण बघायला फील्ड एमिशनची रांग लावण्यात अर्थ नाही.

दहा-वीस नॅनोमीटरचे चांदीचे कण, विषाणू, पेशीच्या आतली पटलं: टेम. दवाखान्यातलं एक उदाहरण इथे बोलकं आहे. लहान मुलांत लघवीवाटे प्रथिन जाण्याचं एक कारण असलेल्या ‘मिनिमल चेंज’ विकारात मूत्रपिंडाचा तुकडा साध्या मायक्रोस्कोपखाली जवळजवळ निरोगी दिसतो. गाळणीभोवतीच्या पेशींचे बारीक पाय सपाट झालेले असतात, आणि ते टेमवरच दिसतं.

६. नमुना तयार करणं

पैसे आणि वेळ बहुतेक इथेच वाया जातात. सेमचा नमुना कोरडा, स्वच्छ, निर्वातात वायू न सोडणारा आणि वीजवाहक हवा.

पावडर असेल तर अॅल्युमिनियमच्या स्टबवर दुतोंडी कार्बन टेप लावा, त्यावर चिमटीपेक्षाही कमी पावडर भुरभुरवा आणि रबरी फुग्याने फुंकून सुटे कण उडवून टाका. ढीग करू नका. आत सुटलेली पावडर यंत्राच्या कॉलममध्ये जाऊ शकते आणि ऑपरेटर तुम्हाला पुन्हा उभं करणार नाही. नमुना चुंबकीय असेल तर अर्जातच स्पष्ट लिहा. तो झोत वाकवतो, शिवाय भिंगाकडे खेचला जाऊ शकतो, म्हणून काही ठिकाणी असा नमुना घेतच नाहीत.

नमुना वीजवाहक नसेल तर त्यावर सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा काही नॅनोमीटरचा थर चढवतात. इथे एक खाचखळगा आहे. त्याच नमुन्यावर ईडीएस करून, म्हणजे नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या रेषांवरून, मूलद्रव्यं शोधायची असतील तर सोन्याची रेषा फॉस्फरस आणि गंधकाच्या रेषांना जवळजवळ चिकटून येते. ही दोन मूलद्रव्यं हवी असतील तर कार्बनचा थर मागा. उलट कार्बनच मोजायचा असेल तर कार्बन टेपमुळे त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि हायड्रोजन ईडीएसला दिसतच नाही, त्यामुळे तो ‘सापडला नाही’ असं प्रबंधात लिहू नका.

जिवंत ऊती असेल तर काम लांबतं. तुकडा लहान कापा, साधारण काही मिलिमीटरचा, आणि लगेच २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये टाका. नंतर बफरमध्ये धुणं, मग ३०, ५०, ७०, ९०, १०० टक्के अशा चढत्या अल्कोहोलमधून पाणी काढणं. शेवटचं सुकवणं हवेत करू नका. द्रवाचा पृष्ठताण सुकताना पेशी चुरगळून टाकतो. त्याऐवजी क्रिटिकल पॉइंट ड्रायर वापरतात. त्यात कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांवर आणि सुमारे ७३ वातावरण दाबापलीकडे नेला की द्रव आणि वायू यांतली सीमाच उरत नाही, मग पृष्ठताण येणार कुठून? वाळलेले परागकण, कीटकाचे पंख, बियांची सालं यांना हे सगळं लागत नाही. ते थेट टेपवर चिकटवता येतात. पहिल्यांदा सेम करणाऱ्याने असाच नमुना निवडावा.

टेमसाठी नॅनोकण असतील तर अल्कोहोलमध्ये अगदी विरळ मिश्रण करा, सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी कण सुटे करणाऱ्या यंत्रात, धरा आणि कार्बनचा पडदा असलेल्या ग्रिडवर एक थेंब टाकून सुकवा. मिश्रण डोळ्याला रंगीत दिसत असेल तर बहुधा ते अजून घट्ट आहे. नमुन्यात तांबं शोधायचं असेल तर तांब्याची ग्रिड नको, निकेलची मागा. पेशींचे काप मात्र स्वतः करायच्या भानगडीत नवख्याने पडू नये. ऑस्मियम टेट्रॉक्साइड डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला घातक आहे, शिवाय रेझिनमध्ये बसवून अल्ट्रामायक्रोटोमच्या काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने ६०-९० नॅनोमीटरचे काप काढायला हात बसावा लागतो.

७. वेळ घेणं आणि खुर्चीत बसणं

महाराष्ट्रात बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने घेणारी केंद्रं आहेत. पवईच्या आयआयटीत सैफ, म्हणजे अत्याधुनिक विश्लेषण उपकरणांचं केंद्र, आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही सैफ आहे. देशभरातली उपकरणं आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर शोधता येतात. आधी स्वतःच्या विद्यापीठाच्या केंद्रात विचारा, विद्यापीठातल्यांना दर सहसा कमी असतो.

अर्जात ‘एसईएम करून हवे’ एवढंच लिहू नका. नमुना कशाचा आहे, वीजवाहक आहे का, कोणता तपशील बघायचा आणि तो किती मापाचा, ईडीएस हवं का, ते लिहा. साध्या मायक्रोस्कोपवर काढलेला त्याच नमुन्याचा फोटो, माप टाकून, सोबत न्या. ऑपरेटरला कुठे बघायचं ते दाखवता येतं. हजारो पटींवर गेल्यावर सेममध्ये वाट चुकायला वेळ लागत नाही, आणि वेळेचे पैसे लागतात.

जमलं तर समोर बसा. आधी कमी वर्धनाचा एक फोटो घ्यायला सांगा, मग त्याच जागी आत जा. सुंदर दिसणाऱ्या एकाच कणाचे पाच फोटो घेण्यापेक्षा वेगवेगळ्या जागांचे घ्या. चित्र मधूनच चमकायला लागलं, आडव्या पांढऱ्या रेघा आल्या किंवा सरकू लागलं तर नमुन्यावर विद्युतभार साठतोय. व्होल्टेज कमी करून बघा किंवा कोटिंग पुन्हा करून मागा. पॉलिमर आणि जैविक नमुन्यांना ३० किलोव्होल्टची घाई नको. कमी व्होल्टेजला पृष्ठभागाचा बारीक पोतही जास्त चांगला येतो.

८. फोटो हातात आल्यावर

खाली छापलेल्या ‘१०,००० एक्स’कडे दुर्लक्ष करा आणि मापपट्टी वाचा. फोटो पानावर लहान केला की ‘एक्स’ खोटा ठरतो, पट्टी चित्राबरोबर लहान होते. प्रबंधात फोटो कापताना पट्टी कापली जाणार नाही हे बघा. परीक्षक पहिली तिच्यावरच बोट ठेवतात.

मग संशय घ्या. सुरकुत्या नमुन्याच्या आहेत की सुकवण्याच्या? वाळूसारखा बारीक दाणा पृष्ठभागाचा आहे की सोन्याच्या जाड थराचा? टेमच्या फोटोतला काळा डाग कण आहे की रंगद्रव्याचा साका? उत्तर न मिळाल्यास तोच नमुना दुसऱ्या पद्धतीने तयार करून बघा. दोन्हींत दिसलं तर ते नमुन्याचं असण्याची शक्यता बरीच जास्त.

निघताना मूळ टिफ फाइल्स मागून घ्या, नुसते जेपेग नकोत; मोजमाप त्यांच्यावरच करायचं असतं. काही केंद्रांत पेन ड्राइव्ह लावू देत नाहीत, तेव्हा फाइल्स सीडीवर मिळणार की ईमेलने, हे वेळ घेतानाच विचारून ठेवा.